परत द्यायची का? कॅट, सीईटी, जीमॅटच्या रीटेकचा हिशोब घरच्या घरी कसा मांडायचा

एमबीएच्या प्रवेशासाठी पहिली कॅट दिली तेव्हा मला ९३ पर्सेंटाईल आले, म्हणजे दर शंभरातले ९३ जण माझ्या मागे. मग मी नोकरी सोडली, वर्षभर कोपरीहून दादरला क्लासला गेले, जुलैत भिजत घरी आले, दिवाळीत सगळे फराळ करत होते आणि मी दार लावून मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देत होते, आणि दुसऱ्या वर्षी आले ९४.२. अख्खं वर्ष आणि १.२ पर्सेंटाईल. २०२४ च्या कॅटला साधारण २.९३ लाख मुलं बसली होती, तो आकडा धरला तर १.२ म्हणजे साडेतीन हजार लोकांना मी मागे टाकलं, ऐकायला भारी वाटतं ना, पण पहिल्या वर्षी ज्या कॉलेजांचे इंटरव्ह्यूचे कॉल आले नव्हते त्यातल्या एकाचाही दुसऱ्या वर्षी आला नाही.

चार वर्षांनी, ऐरोलीत नोकरी करता करता, जीमॅट दिली, तीही एमबीएचीच पण जगभर चालणारी परीक्षा. ६१५ आले. सात आठवड्यांनी परत दिली, ६७५ आले, आणि त्या स्कोअरवर माझं एमबीए झालं. मुलगी तीच, डोकं तेच, पहिला रीटेक पूर्ण वाया आणि दुसरा वसूल. असं का झालं हे मला खूप उशिरा कळलं, आणि गेल्या डिसेंबरात रिझल्ट लागला त्या रात्री कोपरखैरण्याहून आत्याच्या मुलाचा फोन आला की ताई ९१ आलेत, परत देऊ का, तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी त्याला विचारलं की तुझे मॉक कितीचे होते. बरेच जण हा प्रश्न टाळतात कारण सगळ्यांना आपला एक सगळ्यात भारी गेलेला मॉक तेवढा लक्षात असतो. तो एक सोडा. परीक्षेच्या आधीचे शेवटचे पाच-सहा मॉक घ्या, पूर्ण वेळेत दिलेले, मध्ये उठून चहा न प्यायलेले, आणि त्यातला मधला आकडा काढा. माझ्या पहिल्या कॅटच्या वेळी तो आकडा ९२ ते ९४ मध्येच फिरत होता आणि खऱ्या परीक्षेत आले ९३. म्हणजे परीक्षेने माझ्यावर काही अन्याय केला नव्हता, माझी जी लेव्हल होती तीच तिने कागदावर दाखवली, आणि मी मात्र वर्षभर सगळ्यांना सांगत फिरले की पेपर वाईट गेला. जीमॅटला उलट होतं. ऑफिशियल मॉक ६६५ ते ६८५ मध्ये येत होते आणि खऱ्यात ६१५. तिथे खरंच काहीतरी बिनसलं होतं, आणि काय बिनसलं ते मला बोट ठेवून सांगता येत होतं.

तर पहिली चाळणी ही. खरा स्कोअर मॉकपेक्षा बराच खाली असेल आणि कारण सांगता येत असेल तर रीटेकला अर्थ आहे. मॉक आणि खरा स्कोअर जवळपास सारखे असतील तर आहे तसाच अभ्यास परत करून काही होणार नाही, अभ्यासच बदलायला लागेल, आणि तो काय बदलणार हे आज सांगता आलं पाहिजे, नुसतं जास्त मेहनत करेन हे उत्तर नाही, जास्त मेहनत मीपण केली होती. आणि खरा स्कोअर मॉकपेक्षा वर आला असेल तर देवाला नारळ फोडा आणि तो स्कोअर घेऊन पुढे चला, उगाच परत हात लावू नका.

कारण सांगता येणं म्हणजे काय तेही बघू. माझ्या दुसऱ्या कॅटच्या दिवशी लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक होता, दुरुस्तीसाठी गाड्या बंद. कॅट रविवारीच असते आणि मेगाब्लॉकही रविवारीच, हे ठाण्यात जन्म घालवलेल्या मुलीला माहीत नसावं ही माझीच अक्कल, वेळापत्रक बघितलंच नव्हतं. स्लॉट सकाळी साडेआठचा, रिक्षा बदलत बदलत गेट बंद व्हायच्या जेमतेम आधी पोचले आणि पहिली दहा मिनिटं पॅसेजच्या ओळी डोळ्यांसमोरून नुसत्या सरकत होत्या. हे कारण आहे का? आहे, पण अर्ध्या सेक्शनपुरतं. बाकीचे दोन सेक्शन मेगाब्लॉकमुळे बिघडले असं मला म्हणता येणार नाही. ताप होता, मशीन बंद पडलं, घरात कोणी हॉस्पिटलमध्ये होतं, ही कारणं. टेन्शन आलं होतं हे मी कारण धरत नाही, पुढच्या वेळी टेन्शन येणार नाही असं थोडंच आहे, उलट रिपीटरला जास्त येतं, कारण या वेळी सगळ्या सोसायटीला माहीत असतं.

आता कॅटवाल्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट, जी दहातली नऊ मुलं करत नाहीत. आन्सर की, म्हणजे अधिकृत उत्तरं, आली की आपली रिस्पॉन्स शीट डाऊनलोड करता येते, आपण कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते सगळं त्यात असतं. बहुतेक जण त्यातून फक्त मार्क मोजतात आणि बंद करतात. ती शीट घ्या, एक वही घ्या, आणि जितके प्रश्न चुकले किंवा सुटले त्या प्रत्येकापुढे तीनपैकी एक अक्षर लिहा. स म्हणजे सिली, येत होतं पण घाईत चुकलं. व म्हणजे वेळ, वाचलाच नाही किंवा अर्धवट सोडला, पण घरी घड्याळ लावून बसलो तर सुटतो. न म्हणजे नाहीच येत, आज शांतपणे बसूनही येत नाही.

मग बेरीज करा. कॅटमध्ये बरोबरला ३, चुकीच्या ऑप्शनला उणे १, आणि टिटा म्हणजे जिथे उत्तर टाईप करायचं असतं तिथे उणे काही नाही. म्हणून ऑप्शनवाला एक सिली प्रश्न सुधारला तर ४ मार्कांचा फरक पडतो, टिटा किंवा सुटलेला प्रश्न असेल तर ३ चा. आत्याच्या मुलाची शीट आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर बसून केली, दोन तास लागले, मध्ये आत्या दोनदा विचारून गेली की अजून काय चाललंय. त्याचे निघाले ५ स, सगळे ऑप्शनवाले, म्हणजे २० मार्क. ३ व, म्हणजे ९. एकूण २९. तो खूश, म्हणाला ताई २९ मार्क तर नुसते सांडलेत. मी म्हटलं थांब, निम्मे धर. कारण पुढच्या वर्षीही काही सिली होणारच, ते काही रोग नाहीत की एकदा बरे झाले की संपले. निम्मे म्हणजे साधारण १४, तेवढ्याने कुठे पोचतोस ते त्याच वर्षीच्या स्कोअर आणि पर्सेंटाईलच्या आकड्यांवरून बघ. वरच्या टोकाला चार-पाच प्रश्नांत खूप फरक पडतो, हे खरंय. पण वहीत सगळे न च निघाले असते तर मी त्याला सरळ सांगितलं असतं की ही पेपरची अडचण नाही, बेसिकची आहे, आणि बेसिकला नऊ-दहा महिने सलग द्यायची तयारी असेल तरच पुढचं बोलू.

सेक्शनप्रमाणे वेगळं बघा हेही सांगायला पाहिजे. तीन सेक्शन, व्हीएआरसी म्हणजे इंग्रजी, डीआयएलआर म्हणजे तक्ते आणि तर्काची कोडी, क्वांट म्हणजे गणित, प्रत्येकाला ४० मिनिटं, आणि एकातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. बऱ्याच कॉलेजांचा सेक्शनल कट-ऑफ असतो, म्हणजे एकूण ९६ असून एका सेक्शनला ६८ असेल तर दार बंद. डीआयएलआर हा सेक्शन रीटेकमध्ये सुधारतो असा माझा अनुभव आहे, कारण तिथे बरंचसं नुकसान ज्ञानाचं नसतं, चुकीचा सेट, म्हणजे एकाच माहितीवरचे चार-पाच प्रश्न, धरून बसण्याचं असतं. २०२४ ला त्यात ५ सेट आणि २२ प्रश्न होते. आमच्या साहेबांनी, म्हणजे आत्याच्या मुलाने, पहिल्याच सेटला १८ मिनिटं दिली आणि शेवटी त्यातले दोन प्रश्न चुकवले. सेट निवडायची सवय तीन-चार महिन्यांत लागते. क्वांट मेहनतीने सुधारतं, वेळ घेऊन. व्हीएआरसीचं मात्र मी कोणाला आश्वासन देत नाही. २४ पैकी १६ प्रश्न उताऱ्यांचे असतात आणि वाचनाची सवय वर्षभरात लागली तर लागली, मराठी मीडियमवाल्यांना सुरुवातीला जड जातं पण अशक्य अजिबात नाही, मी स्वतः मराठी मीडियमची आहे आणि माझा तोच सेक्शन सगळ्यात बरा यायचा. शब्द पाठ करून काही होत नाही, रोज एक लांब लेख पूर्ण वाचायचा आणि लेखक नक्की काय म्हणतोय ते दोन ओळींत मराठीतच लिहायचं, एवढंच मी करायचे.

आता यातली जी गोष्ट मला माझ्या वेळी कोणीच सांगितली नाही ती. स्कोअर वाढला तर नक्की कुठलं दार उघडणार आहे? कॉलेजची नावं लिहा, पाच-सहा, आणि त्यांची त्या वर्षीची प्रवेशाची नियमावली उघडून वाचा. आयआयएम अहमदाबाद शॉर्टलिस्ट करताना दहावी, बारावी, ग्रॅज्युएशन सगळ्याचे मार्क धरतं, बंगळूरही दहावी-बारावीला वजन देतं, वर्क-एक्स म्हणजे नोकरीचा अनुभव असतो, बऱ्याच ठिकाणी मुलींना किंवा इंजिनिअर नसलेल्यांना थोडे जादा पॉइंट असतात. आता माझी दहावी ८१, बारावी ७४. मी ९३ वरून ९७ ला गेले असते तरी त्यातल्या निम्म्या कॉलेजांत मला काही फरक पडला नसता, कारण मी अडले होते बारावीच्या मार्कांवर, आणि बारावी काय रीटेक होत नाही. हे मला वर्ष घालवायच्या आधी एका दुपारी बसून कळलं असतं, नियमावली सगळ्यांच्या वेबसाईटवर उघडी पडलेली असते. दादरला जाण्यात जो वेळ गेला त्याच्या शंभराव्या भागात काम झालं असतं.

याच्या उलट जिथे नुसत्या परीक्षेच्या स्कोअरवर मेरिट लागतं तिथे प्रत्येक मार्काला किंमत आहे. आपल्याकडे एमएएच सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची एमबीएची प्रवेश परीक्षा, तशी आहे, स्कोअर लागला, कॅप राऊंड म्हणजे राज्याच्या एकत्र प्रवेशाच्या फेऱ्या झाल्या, कॉलेज मिळालं, इंटरव्ह्यू नाही आणि दहावीचे मार्क कोणी विचारत नाही, मेरिटमध्ये टाय झाला तरच काय ते मागचं बघतात. जमनालाल बजाज, सिडनहॅम, आणि मग नेरुळ, बेलापूर, खारघर, वाशीची ढीगभर कॉलेजं सगळी त्यातूनच. ज्याचे शाळेतले मार्क कमी आहेत पण आता डोकं चालतंय त्याच्यासाठी सीईटीचा रीटेक कॅटच्या रीटेकपेक्षा जास्त फायद्याचा पडू शकतो. फक्त जमनालालसाठी ओपनमध्ये ९९.९ च्या आसपास लागतं हे लक्षात ठेवून, ९८ वरून तिथे जायचं म्हणजे ठाणे स्टेशनच्या ब्रिजवर संध्याकाळी सात वाजता उलट्या दिशेने जाण्यासारखं आहे. जाता येतं, पण खांदे लागतात.

जाता जाता, आयआयएमवाले त्यांच्या नव्या कॉलेजांच्या एकत्र इंटरव्ह्यूलाही कॅपच म्हणतात आणि राज्याचे कॅप राऊंड वेगळे, दोन्हीचा मेसेज एकाच आठवड्यात आला की घरी जो गोंधळ होतो तो विचारू नका.

कागदपत्रांचंही याच वेळी बघून घ्या, कारण कधीकधी अडचण स्कोअरची नसतेच. कॅटला ओबीसी म्हणून भरायचं तर केंद्राच्या यादीत जात असावी लागते आणि नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याच्या यादीत असून केंद्राच्या यादीत नसलेल्या जाती आहेत. एसईबीसीचं, म्हणजे मराठा समाजाचं, २०२४ चं १० टक्के आरक्षण राज्यापुरतं, म्हणजे सीईटीच्या प्रवेशात चालतं, आयआयएमला नाही. आणि सीईटीला जात वैधता, म्हणजे कास्ट व्हॅलिडिटीचा दाखला. आमच्या ओळखीत एका मुलीचा स्कोअर व्यवस्थित होता, व्हॅलिडिटी वेळेत आली नाही म्हणून ओपनमधून कॉलेज घ्यावं लागलं आणि ती पुढच्या वर्षी परत परीक्षा द्यायचं म्हणत होती. अगं बाई, परीक्षा कशाला, दाखला काढ ना आधी!

अजून एक ठिकाण जिथे लोक उगाच रीटेक करतात. कॉल आले, इंटरव्ह्यू झाले, एकही कन्व्हर्ट झाला नाही, म्हणजे कुठेच प्रवेश मिळाला नाही. आणि मग म्हणतात स्कोअर अजून वाढवतो. कॉल आला म्हणजे स्कोअरने त्याचं काम केलं. तुम्ही आत गेलात आणि समोरच्याला पटवू शकला नाहीत की तुम्हाला एमबीए का करायचंय. तिथे क्वांटचे अजून चारशे प्रश्न सोडवून काय होणार. वर्षभरात कामात काहीतरी वेगळं करा, जबाबदारी मागून घ्या, बोलायची सवय करा, आणि परीक्षा द्यायचीच असेल तर नवा स्कोअर लागतो म्हणून द्या, कारण कॅटचा स्कोअर त्या एका वर्षाच्या प्रवेशापुरताच चालतो.

कुठल्या परीक्षेचा रीटेक म्हणजे काय, हेही सगळ्यांना सारखं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. कॅट वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या शेवटी, कितीही वेळा द्या मर्यादा नाही, पण प्रत्येक वेळी किंमत एक वर्ष. फी २०२५ ला ओपनसाठी २६०० होती, ती किंमत नाहीच आहे. एनमॅट, खासगी कॉलेजांसाठीची परीक्षा, मात्र एकाच मोसमात तीनदा देता येते, दोन प्रयत्नांत १५ दिवसांचं अंतर ठेवून, उणे मार्क नाहीत, म्हणून तिथे पहिला प्रयत्न विंडोच्या सुरुवातीला घेणं शहाणपणाचं. शेवटच्या आठवड्यात पहिला घेतला तर रीटेकला जागाच उरत नाही. कॉलेज कुठला प्रयत्न धरतं ते मात्र त्या वर्षीच्या पत्रकात बघा, मित्राच्या तोंडच्या माहितीवर जाऊ नका. एक्सॅट, एक्सएलआरआय वगैरे कॉलेजांची परीक्षा, जानेवारीच्या सुरुवातीला, वर्षातून एकदा. आणि गंमत अशी की कॅटचा रिझल्ट लागेपर्यंत एनमॅट आणि एक्सॅटचे फॉर्म बंद झालेले असतात, म्हणून रिझल्टची वाट न बघता हे फॉर्म कॅटच्या आधी, त्यांच्या मुदतीतच भरून ठेवा.

आणि सगळ्यात स्वस्त रीटेक म्हणजे त्याच वर्षी दुसरी परीक्षा देणं. कॅट नोव्हेंबरात संपली की सीईटीपर्यंत काही महिने मिळतात. सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, उणे मार्क नाहीत. एकट्या लॉजिकलचे ७५ आणि ॲबस्ट्रॅक्टचे २५, म्हणजे अर्धा पेपर रिझनिंगचा. हा पूर्ण वेगळा स्वभाव आहे. कॅटमध्ये काय सोडायचं हे कळावं लागतं, सीईटीत न थांबता पळावं लागतं, आणि कॅटला ८५ वर अडकलेली मुलं सीईटीला मस्त जाताना मी बघितलीत. उलटंही बघितलंय, ९७ वाला हुशार मुलगा प्रत्येक प्रश्नावर विचार करत बसला आणि ६० प्रश्न कोरे राहिले. जिथे उणे मार्क नाहीत तिथे कोरे!

जीमॅटचं गणित वेगळं. आताची जीमॅट, जी २०२३ च्या नोव्हेंबरात फोकस एडिशन म्हणून आली, ती सव्वादोन तासांची, क्वांट, व्हर्बल म्हणजे इंग्रजी आणि डेटा इनसाइट्स म्हणजे तक्ते-आलेख असे ४५-४५ मिनिटांचे तीन सेक्शन, एकूण ६४ प्रश्न, स्कोअर २०५ ते ८०५. दोन प्रयत्नांत कमीत कमी १६ दिवस, आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त ५ वेळा. स्कोअर ५ वर्षं चालतो. आणि मुख्य म्हणजे कुठला स्कोअर पाठवायचा ते आकडा बघितल्यावर आपण ठरवतो, न पाठवलेला प्रयत्न कॉलेजला दिसत नाही, त्यामुळे दोनदा दिली म्हणून कोणी नाक मुरडणार नाही. खिशाला मात्र चांगलंच कळतं, सेंटरवर २७५ डॉलर आणि घरून ३०० डॉलर, रुपयात करून बघा आणि मग आधी पाणी प्या.

जुन्या लोकांच्या डोक्यात अजून ७०० बसलंय म्हणून सांगते, नव्या मोजपट्टीत साधारण ६४५ म्हणजे जुने ७००. ऐरोलीत आमच्या टीममधला एक जण ६५५ आले म्हणून तोंड पाडून बसला होता, त्याला वाटलं सातशेच्या खाली म्हणजे नापास, परत फी भरायला निघाला होता. आणि जीमॅट देण्याआधी हेही बघा की आयआयएमच्या दोन वर्षांच्या नेहमीच्या कोर्सला आपल्यासारख्या इथे राहणाऱ्यांना कॅटच लागते, जीमॅट चालते ती एक वर्षाच्या कोर्सना, आणि तिथे चार-पाच वर्षांचं काम लागतं. आयएसबी या हैदराबादच्या कॉलेजच्या नेहमीच्या एक वर्षाच्या कोर्सला दोन वर्षांचं काम आणि जीमॅट किंवा जीआरई ही तशीच दुसरी परीक्षा. म्हणजे कॅटला कंटाळून चोवीस वर्षांचा मुलगा जीमॅटकडे वळला तर तो रीटेक नाहीच, रस्ताच वेगळा आहे, त्याचं तिकीट आधी वेगळं काढावं लागतं.

माझ्या ६१५ चं काय झालं होतं ते सांगायचं राहिलं. सेक्शनचा क्रम आपण निवडायचा असतो, मी मॉकमध्ये नेहमी क्वांट पहिला घ्यायचे आणि परीक्षेच्या दिवशी का कोण जाणे डेटा इनसाइट्स पहिला घेतला, एका यूट्यूबवाल्याने आदल्या रात्री सांगितलं म्हणून. एका तक्त्यावर सात मिनिटं गेली, शेवटचे चार प्रश्न नुसते टिक मारून दिले. स्कोअर रिपोर्टमध्ये वेळ कुठे गेला ते दिसतं, तिथे ते स्वच्छ दिसत होतं, क्वांट आणि व्हर्बल मॉकसारखेच होते, घसरला होता एकच सेक्शन. म्हणून सात आठवडे मी फक्त तेवढंच केलं, आणि क्रम परत जुना. कॅटच्या दुसऱ्या वर्षी मी काय केलं होतं? पहिल्या पानापासून सगळं. जे येत होतं तेही. येत असलेलं परत करताना फार बरं वाटतं हो, अभ्यास झाल्यासारखा वाटतो.

ड्रॉप, म्हणजे नोकरी सोडून वर्षभर फक्त तयारी, घ्यायचा की नोकरी करत द्यायचं, हा प्रश्न घरी सगळ्यात जास्त गाजतो. माझं मत, आणि हे माझं मत आहे, की पहिला जॉब असेल तर सोडू नका. महिन्याला ३५ हजार धरले तरी वर्षाचे सव्वाचार लाख जवळपास, क्लास वेगळा, आणि इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न तोच येतो की या वर्षात काय केलंत. मला विचारला होता, मी म्हणाले कॅटची तयारी, समोरचे सर म्हणाले आणि ९४? त्यानंतरची शांतता मला अजून ऐकू येते. नोकरी करताना दिवसाला दोन तास खरे मिळतात का ते आधी एक आठवडा मोजून बघा. ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली, रबाळे, घणसोलीपर्यंत उभं राहून वाचन होतं, क्वांट होत नाही. रात्री साडेआठला घरी आल्यावर डोकं किती चालतं हे प्रत्येकाचं वेगळं, मी सकाळी पाचची आहे, माझा भाऊ रात्री अकराच्या आधी सुरूच होत नाही. घरात जागा नसेल तर जवळची अभ्यासिका शोधा. आणि कॅलेंडर उघडून बघा, गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं कॅटच्या आधीच्या तीन महिन्यांत येतं, घरी दीड दिवसाचा गणपती असेल तर त्या आठवड्यात मॉक ठेवू नका, होत नाही, उगाच अपराधी वाटतं.

ड्रॉप कधी ठीक? मॉक आणि खऱ्यात मोठा फरक आहे, वहीत स आणि व भरपूर आहेत, दहावी-बारावीचे मार्क चांगले आहेत, घरच्यांना वर्ष परवडतंय आणि त्यांनी ते मनापासून हो म्हटलंय, तेव्हा. यातलं एक जरी लटकत असेल तर नोकरी चालू ठेवूनच. तिसऱ्या प्रयत्नाबद्दल मी फार कडक आहे. दोनदा देऊन दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतील तर तिसराही शेजारीच येणार, तोपर्यंत तुमच्या बरोबरीचे पोस्टिंगला लागलेले असतात.

घरच्यांशी बोलायचं तर आकडे घेऊन बोला. माझे बाबा पर्सेंटाईल म्हणजे पर्सेंट समजायचे, त्यांच्या मते ९३ टक्के मिळवून पोरगी रडते म्हणजे नाटकंच. आत्याच्या घरी उलट, आत्याचं म्हणणं शेजारच्या मुलाला ९९ आले मग याला का नाही, परत दे. तिला मी वही दाखवली, स, व, न. ती शाळेत शिक्षिका होती, तिला लगेच कळलं, म्हणाली म्हणजे याची घाई नडते, लहानपणापासूनच. तिथे भांडण संपलं.

त्याचं शेवटी असं ठरलं. दहावी ९२, बारावी ७१, म्हणजे मोठ्या आयआयएमचा हट्ट सोडला. घणसोलीची नोकरी चालू. या मोसमात सीईटी मनापासून. त्यात मनासारखं कॉलेज मिळालं तर विषय संपला, आणि आधीच ठरवलंय मनासारखं म्हणजे कुठली चार कॉलेजं, रिझल्टनंतर यादी लांबवायची नाही. नाही मिळालं तर कॅट परत, पण एका अटीवर. कॅटचे फॉर्म ऑगस्टच्या सुरुवातीला सुटतात, तोपर्यंत सलग तीन मॉकमध्ये एकूण ९५ च्या वर आणि डीआयएलआर ८५ च्या वर यायला हवं, सिली तीनच्या आत. नाही आलं तर फॉर्म भरायचा नाही. हे त्याने कागदावर लिहून फ्रिजवर मॅग्नेटने लावलंय, खाली आत्याची सही आहे. परवा गेले होते तेव्हा बघितलं, कोणीतरी तीन खोडून चार केलं होतं. मी परत तीन केलं.